आकडा कमी केला म्हणून पिकअप थंड राहत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा तापू लागला की पुण्यातल्या गॅरेजांत एक मागणी ठरलेली असते: ‘पिकअपला ठंडा व्हॉल्व्ह टाका.’ ठंडा व्हॉल्व्ह म्हणजे कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी तापमानाला उघडणारा थर्मोस्टॅट. कात्रज किंवा दिवे घाटात काटा लाल पट्टीकडे सरकला की मालक सुट्या भागांसाठी नाना पेठ गाठतो, 82 अंश सेल्सिअसच्या जागी 76.5 चा किंवा थेट 71 चा व्हॉल्व्ह घेऊन येतो. पुढच्या खेपेला गाडी बहुधा त्याच वळणावर गरम होते. मग कोणीतरी ‘काढूनच टाका तो, आपल्या हवेला लागत नाही’ असे सांगतो आणि खरा बिघाड तिथून सुरू होतो. कोणत्या गाडीला कमी आकडा चालतो, कोणत्या गाडीला तो मारक ठरतो आणि व्हॉल्व्ह विकत घेण्याआधी काय तपासावे, हे लिहावे असे वाटले. पत्र लांबले आहे, पण हे अर्धवट सांगून उपयोग नाही.

थर्मोस्टॅटच्या मधोमध पितळेची किंवा तांब्याची एक कुपी असते आणि तिच्यात मेण भरलेले असते. पाणी तापले की मेण वितळून फुगते, दांड्याला ढकलते आणि स्प्रिंगच्या जोरावर बंद असलेली तबकडी उघडते. मग इंजिनातले पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. कुपीच्या बुडाशी किंवा कडेच्या पट्टीवर जो आकडा ठोकलेला असतो, तो तबकडी उघडायला सुरुवात होण्याचा. पूर्ण उघडायला आणखी बारा-तेरा अंश लागतात: 76.5 चा व्हॉल्व्ह साधारण 90 ला पूर्ण उघडतो, 82 चा 95 ला, 88 चा 100 ला. पूर्ण उघडल्यावर तबकडी 8 मिलिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक उचलली जाते. एकदा ती पूर्ण उचलली गेली की थर्मोस्टॅटचे काम संपले. त्यापुढे तापमान किती चढेल हे रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि मागच्या हौद्यातला माल ठरवतो. इंजिन ठरावीक आकड्याखाली जाऊ नये एवढीच जबाबदारी त्या व्हॉल्व्हवर असते. चढावर 105 ला गेलेल्या इंजिनात 76 चा आणि 82 चा असे दोन्ही व्हॉल्व्ह सारखेच सताड उघडे असतात, मग बदलून मिळणार काय?

मिळते ते एखादे उसने मिनिट. याचा हिशेब कागदावर करता येतो. अडीच लिटरच्या डिझेल इंजिनात आठ-दहा लिटर कूलंट (इंजिनात फिरणारे पाणी) आणि सव्वाशे-दीडशे किलो लोखंड असते. हे सगळे मिळून एक अंश तापवायला साधारण 100 किलोज्यूल उष्णता लागते. घाटात रेडिएटर कमी पडून सेकंदाला 10 किलोज्यूल उष्णता शिल्लक राहत असेल, तर 76.5 पासून 82 पर्यंतचे साडेपाच अंश चढायला लागतात जेमतेम 55 सेकंद. म्हणजे ज्या वळणावर काटा वर जात होता, त्याच्या एक वळण पुढे तो जाईल. घाट संपता संपता गरम होणारी गाडी यामुळे कदाचित वाचते, म्हणूनच या उपायाची कीर्ती टिकून आहे. घाटाच्या मध्यावर गरम होणारी वाचत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. रेडिएटर उष्णता टाकतो ती पाण्याचे तापमान आणि बाहेरच्या हवेचे तापमान यांच्यातल्या फरकाच्या प्रमाणात. मे महिन्यात दुपारी हवा 40 ची असते. पाणी 95 ला असेल तर फरक 55 चा, 82 ला असेल तर फरक 42 चा. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण 82 ला तो 95 च्या मानाने तीन-चतुर्थांश उष्णताच बाहेर टाकतो. इंजिन थंड ठेवायचे असेल तर रेडिएटर मोठा हवा. लहान किंवा चोंदलेल्या रेडिएटरसमोर कमी आकड्याचा व्हॉल्व्ह लावला की तो कायम उघडाच राहतो आणि काटा कुठे थांबायचे ते त्याला न विचारता ठरवतो.

ही कल्पना इथे आली ती बरीचशी अमेरिकेतल्या पेट्रोल पिकअपांवरून. तिकडे 195 फॅरनहाइटचा, म्हणजे साधारण 91 अंशांचा व्हॉल्व्ह काढून 180 चा (82) किंवा 160 चा (71) बसवतात. त्यांच्या मोठ्या पेट्रोल इंजिनांत आत येणारी हवा नि सिलिंडरच्या भिंती थोड्या थंड राहिल्या की नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोकर) कमी होते, मग इग्निशनचे टायमिंग पुढे घेऊन ताकद काढता येते. त्यासाठी ईसीयूचे, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचे, प्रोग्रामिंगही बदलतात. आपल्याकडच्या मालवाहू पिकअप बहुतेक डिझेलच्या. डिझेलमध्ये स्पार्क नाही, इंधन पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. ते इंजिन मुद्दाम थंड ठेवून हाती काही लागत नाही, उलट थंडीत धूर वाढतो.

तरीही कमी आकडा सरसकट चूक आहे असे नाही. निसानच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलांत एकाच इंजिनासाठी तीन व्हॉल्व्ह दिलेले असत: उष्ण प्रदेशासाठी 76.5, समशीतोष्ण प्रदेशासाठी 82 आणि कडक थंडीसाठी 88. यांत्रिक फ्युएल पंपाच्या, ईसीयू नसलेल्या जुन्या डिझेल पिकअपला कंपनीने असा पर्याय दिलेला असेल, रेडिएटर आतून-बाहेरून साफ असेल आणि गाडी बाराही महिने ओझे घेऊन लांब पल्ल्याला पळत असेल, तर 82 च्या जागी 76.5 लावायला आमची हरकत नाही. एकच पायरी खाली. 71 नको. आणि पुण्याची हवा सरळ ‘उष्ण प्रदेश’ म्हणण्यासारखी नाही हेही लक्षात घ्यावे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा 10 च्या खाली जातो, आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजी आणणाऱ्या पिकअप नेमक्या त्याच वेळी रस्त्यावर असतात. थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवर ओल धरते, ऑइलमध्ये पाणी मिसळते. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट साय दिसू लागली तर इंजिन पुरेसे तापत नाही असा संशय घ्यावा. मात्र त्याच वेळी कूलंटही कमी होत असेल तर हेड गॅसकेट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधले पॅकिंग) तपासावे, कारण साय दोन्हींत सारखीच दिसते. लाइनर आणि रिंगांची झीज जेवढी थंड चालण्यात होते तेवढी 90 ला चालण्यात होत नाही. शहरातल्या शहरात पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीला तर मूळचाच व्हॉल्व्ह ठेवावा. तिचे ऑइल एरवीही पुरते तापत नाही.

बीएस-4 आणि विशेषतः एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे सरकारी नियम) गाड्यांचा प्रश्नच वेगळा. त्यांचा ईसीयू पाण्याच्या तापमानावरून किती डिझेल सोडायचे, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) कधी उघडायचा, हे ठरवतो. ठरलेल्या वेळेत ठरलेले तापमान आले नाही की P0128 हा कोड पडतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. या कोडाचा अर्थच ‘पाणी थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोचत नाही’ असा आहे. स्कॅनर लावून कोड पुसला तरी चार दिवसांत तो परत येतो, कारण मूळ दोष जागेवरच असतो. त्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत काजळी जाळण्याची क्रिया इंजिन पुरेसे तापल्याखेरीज सुरूच होत नाही किंवा मध्येच तुटते. डीपीएफ भरत जातो, दिवा लागतो, मग गाडी ताकद काढून घेते. काजळी जाळण्यासाठी ज्या गाड्या सिलिंडरमधूनच जास्तीचे डिझेल सोडतात, त्यांत अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांचे डिझेल रिंगांमधून ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली की काही जण खूश होतात. ती वाढलेली पातळी डिझेलची असते आणि बेअरिंगचा घास घेते. बीएस-6 गाडीला कंपनीच्या आकड्याचाच व्हॉल्व्ह, यावर आमच्यात दुमत नाही.

आकड्यांची तुलना करताना आणखी एक फसगत होते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट डोक्याकडे, पाणी बाहेर पडते तिथे असतो. काहींत तो खाली, रेडिएटरकडून थंड पाणी आत येते त्या वाटेवर असतो. खालच्या जागेचा व्हॉल्व्ह आत येणारे मिश्रण मोजतो, त्यामुळे त्याच्यावर 82 लिहिलेले असले तरी हेडमधून निघणारे पाणी त्याहून बरेच गरम असते. वरच्या 88 आणि खालच्या 82 ची तुलना करून ‘हा ठंडा आहे’ म्हणणे निरर्थक. नव्या काही गाड्यांत व्हॉल्व्ह, प्लास्टिकचे घर (व्हॉल्व्हवरचे आवरण) आणि सेन्सर एकत्रच येतात. त्यात आकडा बदलायची सोयच नसते आणि ते बरेच आहे.

आता व्हॉल्व्ह काढून टाकण्याविषयी. बहुतेक पिकअपांच्या थर्मोस्टॅटला दोन तबकड्या असतात. वरची मोठी रेडिएटरची वाट उघडते, खालची छोटी त्याच वेळी बायपासचे भोक बंद करते. इंजिन थंड असताना पाणी बायपासमधून आतल्या आत फिरते, तापल्यावर ती वाट बंद होऊन सगळे पाणी रेडिएटरकडे वळते. व्हॉल्व्ह काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. पाण्याला सोपी वाट मिळते, त्याचा मोठा भाग रेडिएटर न पाहताच पुन्हा इंजिनात शिरतो. गाडी सपाटीवर थंड धावते, घाटात मात्र पूर्वीपेक्षा लवकर गरम होते. हेच चुकीच्या मापाचा व्हॉल्व्ह बसवल्यावरही होते. खालची तबकडी तीन-चार मिलिमीटर आखूड असली तर ती बायपासपर्यंत पोचत नाही. म्हणून दुकानात जाताना जुना व्हॉल्व्ह खिशात ठेवा आणि व्हर्नियरने तीन मापे जुळवा: कडेच्या पट्टीचा व्यास, पट्टीपासून खालच्या तबकडीपर्यंतची उंची आणि रबरी रिंगची जाडी. व्यासात दोन मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण घर बोल्टांनी आवळले की त्याचा कान तुटतो.

व्हॉल्व्ह घेण्याआधी दोष कुठे आहे ते ओळखावे. सिग्नलला किंवा स्वारगेटच्या गर्दीत काटा चढतो आणि गाडी पळू लागली की उतरतो, तर पंख्याकडे पाहा. विस्कस फॅन (सिलिकॉन ऑइलच्या क्लचवर फिरणारा पंखा) असेल तर इंजिन गरम असताना बंद करून पंखा हाताने ढकला. त्याला जड प्रतिकार जाणवायला हवा. तो मोकळा तीन-चार फेऱ्या फिरला तर आतले सिलिकॉन ऑइल गेले. इलेक्ट्रिक फॅन असेल तर तो केव्हाही आपोआप सुरू होऊ शकतो, हात घालू नये, आधी रिले आणि फ्यूज पाहावा. पंख्याभोवतीचा प्लास्टिकचा काउल मोडून फेकून दिलेल्या पिकअप पुण्यात कमी नाहीत. काउल नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच हवा घुसळत बसतो.

उलट, गर्दीत ठीक आणि चढावर किंवा वेगात गरम, असे असेल तर पाण्याचा प्रवाह नाहीतर रेडिएटर. इन्फ्रारेड गन असेल तर रेडिएटरच्या जाळीवरून आडवी-उभी फिरवा. मधेच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या चोंदल्या आहेत. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या होजमध्ये (रबरी नळ्यांत) तापमानाचा फरक किती आहे तेही पाहा. गाडी गरम होत असताना फरक वीस अंशांहून जास्त निघाला तर पाणी हळू वाहते आहे: चोक रेडिएटर, झिजलेला पंप किंवा अर्धवटच उघडलेला व्हॉल्व्ह. फरक अगदीच थोडा निघाला तर पाणी वाहते आहे, हवा पुरत नाही. गन चकचकीत ॲल्युमिनियमवर धरू नका, तिथे ती खोटे, कमी तापमान दाखवते. रबरी होजवर धरा किंवा धातूवर काळी टेप चिकटवा. खालच्या होजच्या आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर ॲक्सिलरेटर वाढवल्यावर तो होज चपटा होतो. हे बॉनेट उघडून, दुसऱ्याला ॲक्सिलरेटर द्यायला सांगून दोन मिनिटांत दिसते, आणि तरी सगळ्यात जास्त वेळा हेच पाहायचे राहते.

वरचा होज हाताला थंड आणि काटा मात्र वर चाललेला, तर व्हॉल्व्ह बंद अडकला आहे. काटा कधीच मधोमध येत नाही, हीटर कोमट फुंकतो, ॲव्हरेज घटले आहे, तर तो उघडा अडकला आहे. या दोनच प्रसंगी व्हॉल्व्ह बदलणे हा खरा इलाज. थंड इंजिन चालू केल्याबरोबर होज दगडासारखा कडक झाला किंवा रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅसकेटमधून गॅस पाण्यात शिरतो आहे. तिथे कोणताही व्हॉल्व्ह उपयोगाचा नाही.

रेडिएटर कॅपकडे फार कमी लोक लक्ष देतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच, इथे उघड्या भांड्यातले पाणी 98 च्या आसपासच उकळते. 0.9 किलोचा कॅप नीट दाब धरत असेल तर तेच पाणी 115 च्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. कॅपचे रबर चिरले की ही सगळी सोय गेली, आणि 100 ला, जे चढावर डिझेल इंजिनाला काही विशेष नाही, पाणी उकळून बाहेर येते. गाडी ‘गरम होते’ म्हणून आलेली असते आणि दोष कॅपच्या रबरात असतो. कॅप बदलताना त्यावरचा आकडा जुळवा. जास्त दाबाचा कॅप लावला तर जुना रेडिएटर नाहीतर हीटरचा होज फुटतो.

काढलेला किंवा नवा व्हॉल्व्ह तपासण्याची साधी रीत आहे. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, 110 पर्यंत मोजणारा थर्मामीटर बुडवा. व्हॉल्व्हची तबकडी बोटाने दाबून फटीत शिवायचा दोरा अडकवा, सोडून द्या, आणि त्याच दोऱ्याने व्हॉल्व्ह पाण्यात लटकवा. तो किंवा थर्मामीटर बुडाला टेकू नये, बूड पाण्यापेक्षा गरम असते. आच मंद ठेवा, 70 नंतर मिनिटाला दोन अंशांहून जास्त चढू देऊ नका आणि पाणी ढवळत राहा. तबकडी उघडली की दोरा सुटतो आणि व्हॉल्व्ह टपकन पातेल्यात पडतो. त्या क्षणाचा आकडा वाचा. छापील आकड्याच्या दोन अंश इकडे-तिकडे चालेल. नंतर पाणी 95 पर्यंत नेऊन व्हॉल्व्ह चिमट्याने बाहेर काढा आणि ताबडतोब 8 मिलिमीटरच्या ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा फटीत घालून पाहा. 82 च्या व्हॉल्व्हमध्ये तो शिरायलाच हवा. गार झाल्यावर तबकडी पूर्ण बसते का, उजेडासमोर धरून बघा. 88 च्या व्हॉल्व्हला पूर्ण उघडायला 100 अंश लागतात, आणि पुण्यात पातेल्यातले पाणी तिथवर पोचत नाही. त्यामुळे चांगला व्हॉल्व्हही ‘अर्धाच उघडतो’ म्हणून बाद केला जातो. पाण्यात निम्मे कूलंट (कॉन्सन्ट्रेट) मिसळले की उकळबिंदू 100 च्या वर जातो आणि चाचणी नीट होते. मात्र ते पातेले पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, कूलंटमधले ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड लागते. मुले आणि कुत्री यांच्यापासून ते लांब ठेवा.

बसवताना इंजिन पूर्ण गार हवे, बंद करून किमान दोन तास. खालच्या कॉकमधून दोन-तीन लिटर कूलंट स्वच्छ बादलीत काढले की पातळी घराच्या खाली येते. बोल्ट सैल केल्यावर घर सुटत नसेल तर रबरी हातोडीने कडेने ठोका. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटले की ॲल्युमिनियमवर खाच पडते आणि तिथून आयुष्यभर पाणी झिरपते. जुने गॅसकेट ब्लेडने खरवडताना भोकात कापडाचा बोळा कोंबून ठेवा, आणि घर बसवण्यापूर्वी तो काढायला विसरू नका. ही चेतावणी विनोदी वाटेल, पण लिहिणे भाग आहे. घराच्या गळ्याशी धातू खाल्लेला, खड्डे पडलेले दिसले तर घरच बदला.

घर डोक्याकडे असेल तर मेणाची कुपी आणि मोठी स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला. उलटा बसवलेला व्हॉल्व्ह गरम पाणी पाहतच नाही आणि बंद राहतो. पट्टीवर एक छोटा खिळा सैल लटकलेला दिसेल, हवा त्याच्या भोकातून निघते. तो घड्याळातल्या बाराच्या जागी, वर हवा. खाली ठेवला तर घराखाली हवेचा फुगा अडकतो, कुपी पाण्याऐवजी वाफेत राहते आणि नवा व्हॉल्व्ह उशिरा उघडतो. असा खिळा नसलेल्या व्हॉल्व्हला काही जण 3 मिलिमीटरचे भोक पाडतात. हवा निघायला ते पुरते, पण त्याहून मोठे पाडले तर थंडीत इंजिन तापायला उशीर लागतो. पट्टी खाचेत नीट बसली आहे ना, हे बोट फिरवून पाहूनच घर ठेवा. बोल्ट आळीपाळीने आवळा. एम-8 च्या बोल्टला साधारण 20 न्यूटन-मीटर पुरे, मॅन्युअलमध्ये वेगळे दिले असेल तर ते प्रमाण. सीलंट लावायचेच असेल तर पातळ पुसट थर. जाड लावलेल्याचे तुकडे सुटून रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसतात.

भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा आणि कूलंट सावकाश ओता. कॅप उघडा ठेवून इंजिन आयडलवर चालवा. काही वेळाने वरचा होज एकदम गरम होईल आणि पातळी खाली जाईल, तेव्हा व्हॉल्व्ह उघडला. पातळी भरून कॅप लावा, एक चक्कर मारून या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनात पुन्हा पाहा. पाऊण लिटर तरी कमी भरते. ज्या गाड्यांना रेडिएटरवर कॅप नाही, टाकीवरच आहे, त्यांची हवा काढायची पद्धत मॅन्युअलप्रमाणे करा.

कूलंट रेडीमिक्स असेल तर त्यात पाणी घालू नका. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे, आणि पुण्याच्या थंडीला तेवढे लागत नाही म्हणून कमी केले तरी एक-तृतीयांशाखाली नको, गंज रोखणारी द्रव्ये पुरत नाहीत. बोअरचे पाणी अजिबात नको. त्याचा पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो तसाच मेणाच्या कुपीवरही बसतो, आणि कुपीला पाण्याची उष्णता उशिरा कळते. तांब्या-पितळेच्या रेडिएटरची टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करता येते. ॲल्युमिनियमच्या, प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरचे ते नीट होत नाही, तिथे कोअर बदलावा लागतो. बाहेरून धुताना पंख्याच्या बाजूने पुढे, कमी दाबाने. सर्व्हिसिंग सेंटरची प्रेशर गन जवळून मारली की फिन्स आडव्या पडतात. एसीच्या गाडीत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत चिखल-भुसा साचतो, तो पुढून कधीच दिसत नाही. पुढची जाळी, जास्तीचे हॉर्न आणि त्यावर टांगलेली पाटी यांनी किती हवा अडते ते मालकाने एकदा गुडघ्यावर बसून पाहावे.

घाटातल्या चालवण्याविषयी थोडे. तिसऱ्यात 1,500 आरपीएमवर कुंथत चढण्यापेक्षा आधीच दुसरा टाकून आरपीएम वाढू द्यावे. पंप आणि बेल्टवरचा पंखा इंजिनाच्या वेगाप्रमाणेच फिरतात. काटा चढू लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, काचा खाली. वाफ येत नसेल आणि पाणी सांडले नसेल तर बाजूला उभी करून 1,200 आरपीएमवर दोन-तीन मिनिटे चालू ठेवा. वाफ येत असेल तर लगेच बंद. गरम कॅप उघडू नका, ब्लॉकवर गार पाणी ओतू नका. आणि पासिंग दीड टनाचे असताना अडीच टन कांदा भरलेल्या गाडीच्या थर्मोस्टॅटला दोष देऊ नका.

सुटे भाग विकणाऱ्यांना एक विनंती. बिलावर नुसते ‘थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह 1 नग’ न लिहिता त्यावरचा आकडाही लिहा. ‘हेवी’, ‘ठंडा’, ‘स्पेशल’ या शब्दांवरून दुसऱ्या मेकॅनिकला काही कळत नाही. आणि मालकांनी कंपनीचा काढलेला व्हॉल्व्ह भंगारात न टाकता दोऱ्याच्या चाचणीत पास झाला असेल तर आकडा आणि तारीख लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवावा. पुढच्या वेळी माप जुळवायला तोच लागतो.

आपले,
पिकअप-टेम्पोच्या इंजिन आणि रेडिएटरचे काम करणारे काही जण,
पुणे